नदी मोजायची कुठून?

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांनी १९९५ साली एका छोट्याशा लेखात आपल्याच पेशाचं दुखणं उघड केलं. समुद्रात मासे किती असायला हवेत हे ठरवताना प्रत्येक पिढीचा अभ्यासक आपण कामाला लागलो त्या वेळचा साठा प्रमाण धरतो. त्याआधीची घट हिशेबात येतच नाही आणि पुढच्या पिढीचा हिशेब आणखी खालून सुरू होतो. समुद्र घाटापलीकडे असला तरी हे निदान पिंपरी-चिंचवडला तंतोतंत लागू पडतं. गेल्या वर्षीपेक्षा फेस कमी दिसला की नदी सुधारली, असं आपण म्हणून टाकतो. पवना, इंद्रायणी आणि मुळेच्या पुनरुज्जीवनाचे आराखडे होत असताना यशाचं माप फेस, जलपर्णी किंवा काठावरची फरसबंदी नसावं. इथले मूळ मासे परत आले का, हे असावं.

हे माप धरायला जुनी नोंद लागते आणि आपल्याकडे ती आहे. जगातल्या फार थोड्या औद्योगिक पट्ट्यांचं नशीब इतकं चांगलं असेल. कंपनी सरकारच्या सेवेतल्या विल्यम सायक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी स्थानिक नावंच शास्त्रीय नावांत घेतली: खुदरी, कोळस, नुक्ता. खुदरी महसीर मिळाला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत आणि मुस्कटावर खोबण असलेला नुक्ता चाकणजवळच्या इंद्रायणीत. म्हणजे जगभरच्या ग्रंथांत नुक्त्याचं मूळ गाव आजच्या वाहन कारखान्यांच्या शेजारी आहे आणि हा मासा आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे. पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची नोंद केली, तर २०१२ साली नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी इंद्रायणीच्या माशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पावणेदोनशे वर्षांचा असा धागा हाताशी असताना मोजणी गेल्या वर्षापासून करायची, हा निव्वळ आळस.

यावर पहिला आक्षेप असा की, लाखोंच्या शहराला १८३९ची नदी परत मिळणार नाही. कबूल. पवना धरण कुणी फोडा म्हणत नाही. शहर तेच पाणी पितं. पण आधाररेषा म्हणजे गाठायचं ठिकाण नव्हे, आपण किती खाली आलो ते सांगणारी खूण. दुसरा आक्षेप अभियंत्यांचा: पाण्याचे नमुने तपासतो, मग मासे कशाला? नमुना बहुधा दिवसा घेतला जातो. सांडपाण्याने माजलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू तळ गाठतो तो पहाटे, कारण शेवाळ रात्रभर प्राणवायू घेतं आणि देत काहीच नाही. मत्स्यजीवनासाठी ठरवलेली मर्यादा लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आहे. सकाळी अकराची बाटली त्यात सहज उत्तीर्ण होईल. पहाटे चारला मासा नापास झालेला असेल. रात्री गुपचूप सोडलेलं रसायनही बाटलीला चुकवतं, माशाला नाही. मात्र नुसते ‘मासे आहेत’ एवढ्यावर खूश होऊ नये. १९५२ साली भारतात आणलेली चिलापी घाण पाण्यातही तग धरते आणि पिल्लं तोंडात सांभाळते. जाळं चिलापीने भरलं तर ती नदीची प्रकृती नव्हे, आजाराचं लक्षण आहे.

आक्षेपांखेरीज एक सूचनाही येते आणि ती सर्वांत लाडकी असते: बीज सोडा, फोटो काढा. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून महसीरचं बीज तयार होतं आणि त्या कामाचं मोल मोठं आहे. पण इथलाच खुदरी कावेरीत सोडला गेला आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे हटत गेला, हेही संशोधकांनी दाखवून दिलं आहे. शिवाय जिथे पाणी मेलं तिथे बीज सोडणं म्हणजे त्याला मरायला पाठवणं. महसीर पहिल्या पुरात वर चढतो, चढणीचा मासा तो. वाटेत बंधारा आडवा असेल तर काठावर कितीही झाडं लावा, अंडी घालायची जागा त्याला मिळत नाही. म्हणून आराखड्यात सांडपाण्याच्या नळ्यांइतकाच खर्च बंधाऱ्यांवरच्या मत्स्यमार्गांवर दिसायला हवा आणि दरवर्षी पावसाळ्याआधी व नंतर देहू, आळंदी, चाकणजवळची इंद्रायणी आणि रावेतची पवना इथे जाळं टाकून जातवार मोजणी व्हायला हवी. नुक्ता हे नाव सायक्सला सांगितलं ते इथल्याच लोकांनी. मोजणीच्या जाळ्यासाठी माणसं शोधायला पालिकेला फार लांब जावं लागणार नाही.