फिलर आणि त्याचा उतारा

लग्नसराई जवळ आली की वधूंबरोबर वरमायाही त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दिसू लागतात. गाल भरावेत, ओठ रेखीव दिसावेत, नाकाचा उंचवटा झाकला जावा, यासाठी ‘फिलर’ टोचून घेतले जाते. यांतील बहुतेक फिलर हायल्युरॉनिक ॲसिडच्या जेलचे असतात. दर किती, परिणाम किती महिने टिकेल, याची चौकशी व्यापारी घरात चोख होते. उताऱ्याची होत नाही.

जेल चुकून रोहिणीत शिरले, तर पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. असे क्वचितच घडते. परंतु भुवयांमधील भाग, नाक व कपाळ येथील रोहिण्यांचा डोळ्याच्या रोहिणीशी संबंध असल्याने तेथे धोका गंभीर. त्वचा एकाएकी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर डाग उमटतात, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतण्यास विलंब लागतो. वेदना बहुधा तीव्र असते. पण अनेक फिलरमध्ये भुलीचे औषध मिसळलेले असल्याने ती जाणवेलच असे नाही. ‘दुखत नाही ना, मग उतरेल सूज’ हे घरगुती समाधान म्हणूनच घातक.

उतारा म्हणजे हायल्युरॉनिडेज. हे एन्झाइम जेल विरघळविते. कॅनडातील शल्यविशारद क्लॉडिओ डीलोरेंझी यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत बाधित भागाच्या विस्तारानुसार साधारण ५०० ते १५०० युनिट, दर तासाला, रक्ताभिसरण परतेपर्यंत दिले जातात. कॅल्शियमयुक्त फिलर मात्र त्याने विरघळत नाही. दृष्टी अंधारली, तर प्रश्न मिनिटांचा: सुमारे ९० मिनिटांत दृष्टिपटल कायमचे निकामी होऊ शकते, आणि तेथे या औषधाचे यशही बेभरवशाचे.

आणखी एक बाब या वाचकवर्गाने जाणून घ्यावी. हायल्युरॉनिडेजची अनेक औषधे मेंढी वा गोवंशाच्या ऊतींपासून काढलेली असतात. मानवी जनुकावरून प्रयोगशाळेत तयार केलेला प्रकारही आहे. ज्यांना याचा विधिनिषेध आहे, त्यांनी तो विचार सुई टोचण्यापूर्वीच उरकावा. त्वचा काळवंडत असताना त्याला अवकाश नसतो. मधमाशीच्या दंशाने पूर्वी तीव्र ॲलर्जी झाली असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्या विषातही हेच एन्झाइम असते.

दवाखान्यात या औषधाच्या कुप्या किती आहेत, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारावे. ‘लागल्यास मागवून घेऊ’ असे उत्तर आल्यास दुसरा दवाखाना पाहावा.