अकरा महिन्यांचे घर, बारा महिन्यांचे इंटरनेट

जून तोंडावर आला की नागपुरात सामानाने भरलेले टेम्पो जागोजागी दिसू लागतात. कॉलेजला प्रवेश घेतलेली मुले, मिहानमधल्या कंपन्यांत रुजू होणारे तरुण, बदली होऊन आलेले कर्मचारी बेसा, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर किंवा हिंगणा रोडवर भाड्याचा फ्लॅट शोधतात. पाणी किती वेळ येते, गाडी कुठे लावायची, वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात किती तापते, हे सारे बारकाईने विचारले जाते. इंटरनेटचा विषय मात्र सामान लागल्यावर निघतो आणि एकाच प्रश्नापाशी थांबतो : किती एमबीपीएस? भाड्याच्या घरासाठी हा प्रश्न सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात : घरातले शेवटचे दहा मीटर आणि घर सोडतानाची अट.

आधी वेगाचे गणित. देशात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारा किमान वेग जानेवारी २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आला. आजच्या घराला तो पुरणार नाही हे खरेच. पण ३०० एमबीपीएसचीही गरज क्वचितच असते. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात, तर टीव्हीवर फोर-के चित्रपट पाहायला साधारण १५. दोघे ऑफिसच्या मीटिंगमध्ये, एक मूल ऑनलाइन क्लासमध्ये आणि कुणीतरी टीव्हीसमोर, असे सगळे एकाच वेळी चालले तरी बेरीज तीसच्या आत राहते. चौघांच्या घराला ५० एमबीपीएसचा स्थिर प्लॅन पुरेसा आहे. शिवाय एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला फार तर साडेबारा एमबीने उतरते. त्यात बिघाड काहीच नसतो.

घराघरांत पोहोचणाऱ्या फायबरच्या रूढ पद्धतीत एका तंतूवरचा सुमारे २,४८८ एमबीपीएसचा वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. चौसष्टही घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएसच्या आसपास येतील. असे सहसा घडत नाही, म्हणून व्यवस्था चालते. पण रात्री नऊ ते अकरा या वेळेत लाइन कशी असते, हे कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा त्याच इमारतीतला शेजारी अधिक खरे सांगतो. दार ठोठावून त्याला विचारणे हीच सर्वांत स्वस्त चाचणी.

दुसरा मुद्दा वायरचा. काही वसाहतींत आजही गच्च्यांवरून ओढलेल्या तांब्याच्या केबलने इंटरनेट येते. विदर्भात पावसाळ्यात विजा कडाडतात, तेव्हा जवळपास पडलेल्या विजेचा झटका या तांब्यातून थेट राउटरपर्यंत पोहोचू शकतो. फायबरचा काचेचा तंतू प्रकाश वाहतो, वीज नाही. त्यामुळे त्या वाटेने येणारा धोका टळतो. विजेच्या प्लगमधून येणारा धोका मात्र उरतोच, म्हणून वादळात ॲडाप्टर काढून ठेवणे शहाणपणाचे. अँटेनावरून फाइव्ह-जी सिग्नल घेणारी एअरफायबरसारखी सेवा भाडेकरूला सोयीची वाटते, कारण खांबापासून घरापर्यंत केबल ओढावी लागत नाही. पण टॉवरची क्षमता आसपासच्या सगळ्या मोबाइलधारकांत वाटली जाते, अपलोडचा वेग बहुधा कमी असतो आणि अँटेना गच्चीवर लावायची झाल्यास सोसायटीची परवानगी लागते. घरून काम करणाऱ्याला किंवा ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणाऱ्या आजी-आजोबांना अपलोडही तितकाच लागतो. फायबर उपलब्ध असेल तर तेच घ्यावे.

खरी गंमत घरात शिरल्यावर सुरू होते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. घरगुती राउटर मात्र बहुतेक वेळा ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात. स्लॅबखालच्या पश्चिमेच्या खोलीत, बंद कपाटात किंवा टीव्हीमागे कोंबलेला राउटर मे महिन्यात दुपारी ही मर्यादा सहज ओलांडतो, मंदावतो, मध्येच बंद पडतो आणि शिव्या कंपनीला बसतात. त्यात कूलरची भर. पत्र्याची पेटी वाय-फायच्या लहरी परतवते आणि ओल्या वाळ्यातले व टाकीतले पाणी त्या शोषते. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी अन्नातले पाणी तापवतो, त्याच पट्ट्यात वाय-फायही चालते. कूलर ज्या खिडकीत बसतो, त्याच खिडकीतून अनेक घरांत वायर आत येते आणि राउटरही तिथेच टांगला जातो. याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या हवेत हवा. इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसाकडून आणखी पाच मीटर वायर त्याच दिवशी ओढून घ्यावी. तक्रार करण्यापूर्वी लॅपटॉप राउटरला वायरने जोडून वेग मोजावा. वायरवर वेग पूर्ण आणि खोलीत कमी मिळत असेल, तर महागडा प्लॅन घेऊन काहीही सुधारणार नाही.

राउटर कपाटात ठेवण्यामागे कधीकधी रेडिएशनची भीतीही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२-बी’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले, हे खरे. हा गट पुरावा मर्यादित असल्याचे सांगतो, धोका किती ते नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. वाय-फायच्या लहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. राउटरची शक्ती साधारण एक दशांश वॉट असते आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. उशाशी राउटर नको, इतकी काळजी पुरे. तो कपाटात लपवला तर सिग्नल कमकुवत होतो आणि तोच मजकूर पाठवायला हातातल्या मोबाइलला जास्त वेळ प्रक्षेपण करावे लागते. आरोग्यासाठी राउटरच्या लहरींपेक्षा रात्री दोनपर्यंत डोळ्यांसमोर असलेला मोबाइल अधिक चिंतेचा आहे.

आता पैशांचा भाग. भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो आणि सवलतीचा वार्षिक प्लॅन १२ महिन्यांचा. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाही. नव्या पत्त्यावर त्या कंपनीची लाइन नसेल, तर आगाऊ भरलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात. म्हणून पहिले तीन महिने तरी मासिक प्लॅनच घ्यावा, मग तो थोडा महाग का पडेना. इन्स्टॉलेशन फुकट असेल तर किती महिने आधी सोडल्यास दंड लागतो, राउटर कोणाच्या मालकीचा, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळते, १८ टक्के जीएसटी धरून बिल किती होते आणि ‘अनलिमिटेड’ची मर्यादा किती जीबी आहे, या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

मात्र सगळा भार भाडेकरूवर टाकणे न्यायाचे नाही. भिंतीला भोक पाडले म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापणारे घरमालक आहेत आणि एकाच कंपनीला इमारतीत येऊ देणाऱ्या सोसायट्याही आहेत. अशा मक्तेदारीला आळा घालण्याची शिफारस ‘ट्राय’ने जानेवारी २०१७ मध्येच केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकित मानांकन देण्याचे नियमही आले, पण मानांकन घेणे ऐच्छिक आहे. घरमालकाला त्यासाठी थांबायचे कारण नाही. जिन्यापासून हॉलच्या मध्यापर्यंत एक रिकामा पाइप आणि तिथे एक प्लग, एवढे एकदा केले की पुढचा प्रत्येक भाडेकरू भिंत न फोडता हवी ती कंपनी निवडू शकतो. नळ आणि मीटर भाडेकरूने स्वतः बसवावेत, असे कोणी म्हणत नाही. मुलांचा अभ्यास, नोकरी आणि डॉक्टरांचा सल्ला ज्या वायरवरून येतो, तिची वाटही घराचाच भाग मानून भाडेकरारात दोन ओळींत नोंदवायला हवी.