तळपायाचा डाग, पोटातली गाठ

पोटात कळ येते, थांबते, पुन्हा येते. जेवल्यावर पोट फुगते, कधी उलटी होते. गॅस झाला असेल म्हणून ओवा, हिंग, मेडिकलमधून आणलेली गोळी असे उपाय चालू राहतात. मग एक दिवस वात सरणेही बंद होते आणि रुग्णाला रात्री दवाखान्यात न्यावे लागते. आतडे अडकण्याची कारणे बहुधा नेहमीचीच असतात. जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, हर्निया असतो किंवा आतड्याचा क्षय असतो. पण क्वचित पोट उघडल्यावर गाठ सापडते आणि तिचे मूळ पोटात नसतेच. ते असते काही वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या, विस्मरणात गेलेल्या त्वचेवरच्या एका काळ्या डागात.

हा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. दुसऱ्या अवयवातून लहान आतड्यात पसरणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक फार वरचा आहे. त्याच्या काही पेशींवर सीसीआर-९ नावाचा ग्राहक प्रथिनरेणू आढळतो. लहान आतडे ज्या रसायनाने पांढऱ्या पेशींना आपल्याकडे बोलावते, त्याच रसायनामागे या पेशीही तिथे पोहोचत असाव्यात, असे संशोधक मानतात. मेलॅनोमाने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनांत निम्म्याहून अधिक जणांच्या पचनमार्गात गाठी आढळल्याच्या नोंदी आहेत. हयातीत मात्र हे निदान शंभरात जेमतेम दोन ते पाच जणांचे होते.

ही तफावत कशामुळे? लहान आतड्यातले अन्न पातळ असते, त्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत वाट अडत नाही. तोवर ती थोडी थोडी रक्ताळत राहते. रुग्ण फिका पडतो आणि त्याला लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. तोंडावाटे घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, खालून घातलेली त्याच्या शेवटापर्यंत. मधले कित्येक फूट न पाहताच ‘दुर्बीण नॉर्मल’ असा शेरा मिळतो. कधी हालचालीबरोबर गाठ पुढे ढकलली जाते आणि सदऱ्याची बाही उलटी आत ओढली जावी तसे आतडे आतड्यात शिरते. लहान मुलांत हे घडते तेव्हा बहुधा विशेष कारण सापडत नाही. प्रौढांत घडले तर गाठ शोधावीच लागते. त्यासाठी सीटी स्कॅन उपयोगी पडतो. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळवण्याचा मार्गही आहे, पण वाट अरुंद झाली असेल तर ती कॅप्सूलच अडकून बसते.

मेलॅनोमा भारतात दुर्मीळ आहे हे खरे. पण ‘गोऱ्यांचा, उन्हाचा आजार’ म्हणून त्याला बाजूला सारणे चूक आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांत तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध येत नाही. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो 1977 मध्ये सापडला. 1981 मध्ये वयाच्या 36व्या वर्षी ते गेले. आपल्याकडे अशा डागाला कुरूप समजून ब्लेडने तासले जाते, नाहीतर ठेच लागून रक्त साकळले असेल म्हणून सोडून दिले जाते.

आतड्यातली गाठ पूर्ण काढता आली तर त्रास थांबतो आणि आयुष्यही वाढू शकते. प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळे सोडणाऱ्या औषधांनी तर पसरलेल्या मेलॅनोमाचे चित्रच बदलले. त्यामागच्या शोधाला 2018 चे नोबेल मिळाले. औषधे महाग आहेत आणि त्यांच्यामुळेही आतड्याला सूज येऊन जुलाब होऊ शकतात. म्हणजे अशा रुग्णाच्या पोटाची प्रत्येक तक्रार गाठीचीच असेल असेही नाही.

म्हणून जुन्या डागाची माहिती पोटाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाच हवी. ती बहुधा पोहोचत नाही. डाग काढणारे डॉक्टर वेगळे असतात, शहर वेगळे असते, डिस्चार्ज कार्ड आणि बायॉप्सीचा कागद घर बदलताना हरवलेला असतो. ‘पूर्वी काही आजार?’ या प्रश्नावर रुग्ण बीपी सांगतो, शुगर सांगतो. डाग आजारात मोजत नाही. पॅथॉलॉजिस्टलाही हे कळावे लागते, कारण पसरलेल्या गाठीत काळा रंग नसला तर मेलॅनोमा ओळखण्यासाठी विशेष रंगचाचण्या कराव्या लागतात आणि त्या मुळात संशय आला तरच केल्या जातात.