सेवा म्हणजे निजवून ठेवणे नव्हे

आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला अंथरुणावरून हलू न देणे, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. त्यातून माणूस सत्तरीचा आणि शस्त्रक्रिया आतड्याची असली, तर विचारायलाच नको. वारा सरेपर्यंत तोंडात काही नाही आणि टाके निघेपर्यंत पाय जमिनीला नाही! ही समजूत प्रेमापोटी आली आहे, हे खरे; पण ती आता टाकलीच पाहिजे, असे मला वाटते.

रोगी इस्पितळात अडकून पडतो तो कशामुळे, याचा शोध डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात घेतला. वेदना, मळमळ, मंदावलेले आतडे, नळ्या आणि सक्तीची विश्रांती ही कारणे त्यांनी एकेक करून दूर केली. अफूच्या जातीची वेदनाशामके आतडे सुस्त करतात, म्हणून ती कमी केली. रोग्याला लवकर खाऊ घातले, लवकर चालविले. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अनुभवात मोठ्या आतड्याचा भाग काढलेले निम्मे तरी रोगी दोन दिवसांत घरी गेले. सर्वांना हे साधेल असे नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

वृद्धांच्या बाबतीत तर प्रश्न अधिकच निकडीचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे सुमारे १ किलो स्नायू झिजले. मग पोट फाडलेल्या माणसाचे काय होत असेल? शिवाय पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात. चष्मा आणि कानाचे यंत्र घरीच राहिले, तर भ्रमाचा धोकाही वाढतो.

कोणी म्हणेल, इथे एका परिचारिकेकडे इतके रोगी, चालवायचे कोणी? उत्तर आपल्याच घरात आहे. आपल्याकडे रोग्याजवळ कोणीतरी राहतेच, आणि कधी कधी ते घरातले कॉलेजात जाणारे मूल असते. आमच्या गल्लीतल्या एका अज्जांना त्यांच्या नातवाने डॉक्टरांना विचारून दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसविले, तेव्हा भेटायला आलेली मंडळी त्यालाच रागावली. पण नातू बधला नाही. रोज चार पावले वाढवीत त्याने अज्जांना व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेले.

अशा नातवाच्या पाठीशी आपण उभे राहिले पाहिजे. डॉक्टरांना विचारावे: कधी उठवू, काय खायला देऊ, किती चालवू? आणि परवानगी मिळताच हात पुढे करावा. म्हाताऱ्या माणसाला त्या हाताचीच गरज असते.