भट्टीचे गणित खुले करा

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाची दुकाने दिवसभर गजबजलेली असतात. तेथे दिवा वा पंखा घेणाऱ्याला वीज कोठून येते, हा प्रश्न सहसा पडत नाही. कोकणात, राजापूर तालुक्यातील माडबन-नाटे परिसरातल्या बागायतदाराला आणि मच्छीमाराला मात्र तो टाळता आलेला नाही. तेथील जैतापूर प्रकल्पात प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या सहा फ्रेंच ईपीआर अणुभट्ट्या योजिल्या आहेत. त्याविरुद्धच्या आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मृत्युमुखी पडला.

अणुभट्टीच्या सुरक्षिततेची हमी बऱ्याच अंशी संगणकीय गणितावर उभी असते. ते गणित कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. अशा एका भट्टीत करंगळीहून बारीक अशा साठ हजारांवर इंधनकांड्या असतात. त्यांच्यामधून वेगाने वाहणारे पाणी उष्णता वाहून नेते. या प्रवाहात सतत भोवरे उठतात. त्यांच्यामुळेच उष्णता चांगली शोषली जाते. पण तेच भोवरे कांड्यांना कंपही देतात आणि आधाराच्या जाळीवर घासून कांडीचे आवरण झिजू शकते. प्रवाहाची समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहेत. परंतु संपूर्ण गाभ्यातील प्रत्येक भोवरा मोजणे आजच्या महासंगणकालाही झेपत नाही. म्हणून अदमासाची सूत्रे वापरावी लागतात आणि ती प्रयोगाच्या कसोटीवर पारखावी लागतात.

जगातील पहिली ईपीआर २०१८ मध्ये चीनमधील तैशान येथे सुरू झाली. इंधनकांड्यांच्या आवरणाला इजा झाल्याने २०२१ मध्ये ती बंद करावी लागली. इंधनजुड्यांच्या काही भागांची झीज झाल्याचे तपासणीत आढळले. ती पुन्हा चालू होण्यास ऑगस्ट २०२२ उजाडला.

यावरून संगणकशास्त्र निरुपयोगी ठरत नाही. ज्या पुण्यात १९९१ साली ‘परम’ महासंगणक घडला, तेथे असे कोणी म्हणणारही नाही. प्रश्न एवढाच, की गणित तपासणार कोण? १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने गुप्ततेचे व्यापक अधिकार शासनाला दिले. त्यातून जडलेल्या सवयीने शंका घेणाराच विकासाचा शत्रू ठरत आला.

ही सवय मोडली पाहिजे. गणितातील गृहीतके, प्रयोगांचे निकाल आणि चुकीच्या शक्यतेची मर्यादा मराठीत प्रसिद्ध व्हावी. अणुऊर्जा खात्याबाहेरील शास्त्रज्ञांना ती तपासू द्यावी. तैशानवरून रचनेत कोणता बदल केला, हे ग्रामसभांपुढे सांगावे. उजेड शहराने घ्यावा आणि गणित चुकल्यास किंमत माडबन-नाट्याने मोजावी, ही वाटणी न्यायाची नव्हे.