भीतीही नको, बेफिकिरीही नको

गरोदर सुनेच्या ओकाऱ्या थांबेनात, की सावनेरसारख्या गावात दोन गोष्टी होतात. कुणी मेडिकलमधून चिठ्ठीविना गोळी आणतो. कुणी 'डोहाळेच ते, सोसायचे' म्हणून तिला उपाशीच राहू देतो. दोन्हींत धोका आहे.

ओकाऱ्यांचा जोर साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात असतो, आणि बाळाचे अवयवही त्याच सुमारास घडतात. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणातील मळमळीवरही दिले गेले. 1961 च्या अखेरीस ते मागे घेतले; त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक मुले व्यंगासह जन्मली. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकाऱ्याने सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी रोखून धरली.

उलट बाजूही तितकीच खरी. डॉक्सिलामाइन आणि बी-6 जीवनसत्त्व असलेली बेंडेक्टिन ही गोळी खटल्यांना कंटाळून कंपनीने 1983 मध्ये अमेरिकेत बंद केली. व्यंगांचे प्रमाण त्यामुळे घटले नाही; ओकाऱ्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या बायका मात्र वाढल्या. त्याच जोडीला 2013 मध्ये तिथे पुन्हा मान्यता मिळाली. आज डॉक्टर सहसा सुरुवात तिनेच करतात.

आपल्याकडे ओकाऱ्यांवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधाचा 2018 मध्ये अमेरिकेतील 18 लाख गरोदरपणांवर अभ्यास झाला. पहिल्या तीन महिन्यांत ते घेतल्यास ओठ वा टाळू दुभंगलेली बाळे दहा हजारांमागे सुमारे तीनने जास्त दिसली. धोका लहान आहे, पण आहे. म्हणून ते कधी द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

सरकारी दवाखान्यांतली दर महिन्याच्या 9 तारखेची विशेष तपासणी प्रामुख्याने चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायकांसाठी असते. ओकाऱ्या त्याआधीच गाठतात. त्यामुळे दिवस राहिल्याचे कळताच आशाताईंकडे नोंद करावी. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. औषधाने त्रास झाल्यास 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येते.

मेडिकलवाल्यांनीही तरुण बाईला कोणतेही औषध देण्यापूर्वी 'दिवस गेलेत का?' एवढे विचारावे आणि उत्तर 'हो' आले, तर चिठ्ठीशिवाय गोळी देऊ नये. औषधविक्रेत्यांच्या तालुका संघटनेने हा दंडक स्वतःहून घालून घ्यावा.