आधी चित्र, मग नळी

नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील बोरिसणा गावी एक विनामूल्य आरोग्य शिबिर भरले. तेथून १९ ग्रामस्थांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले. सर्वांची अँजिओग्राफी उरकली गेली, सात जणांच्या धमन्यांत स्टेंट बसविण्यात आले आणि त्यांपैकी दोघे दगावले. शासकीय योजनेच्या पैशासाठी हा उपद्व्याप झाला, असा आरोप आहे. छातीत कळ येताच माणूस हबकतो आणि डॉक्टर म्हणतील तेथे सही करतो. मग तो बोरिसण्याचा शेतकरी असो की बडोद्याच्या नागरवाड्यातील निवृत्त मराठी कारकून. मनगटातून वा जांघेतून नळी न घालता हृदय पाहता येत नाही काय, हे विचारण्याचे भान त्याला कोठून असणार?

वास्तविक ते पाहता येते. स्वीडनमध्ये एडलर व हर्ट्झ यांनी १९५३ सालीच ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाची हालचाल टिपली. आजची ‘इको’ तपासणी तिचीच वंशज होय. तीत झडपा आणि स्नायूंचे आकुंचन दिसते. धमन्यांतील अडथळा मात्र थेट दिसत नाही. त्यासाठी सी. टी. अँजिओग्राफी आहे. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य सोडावयाचे, क्षणभर श्वास रोखावयाचा, की यंत्र धमन्यांचे चित्र काढते. स्कॉटलंडमधील ४,१४६ रुग्णांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीला या चित्राची जोड मिळालेल्यांपैकी २.३ टक्के रुग्णांना पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू वा झटका आला. इतरांत हे प्रमाण ३.९ टक्के होते.

हे यंत्र म्हणजे रामबाण नव्हे. प्रत्यक्ष झटका आलेल्या रुग्णास चित्रासाठी ताटकळत ठेवणे घातक. तेथे नळीच हवी. धमन्यांत कॅल्शियम फार साचले असेल तर चित्र फसवते, दुबळ्या मूत्रपिंडांना रंगद्रव्य बाधू शकते, आणि क्ष-किरणांचा मारा होतो तो वेगळाच. धडधाकट माणसांना ‘पॅकेज’ विकणाऱ्यांचाही म्हणूनच आम्हांस तिटकारा आहे.

परंतु दुखणे जुने आणि प्रकृती स्थिर असेल, तर नळीपूर्वी हा मार्ग रुग्णापुढे ठेवलाच पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या नावाचे सरकारी रुग्णालय नागरवाड्यापासून फार दूर नाही. अशा प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात ही तपासणी गरिबाला परवडेल अशा दरात मिळावी, आणि चित्र वाचणाऱ्या तज्ज्ञाचा स्टेंटच्या बिलाशी कसलाही संबंध नसावा. योजनेचा पैसा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तातडीची प्रकरणे वगळता हा अहवाल आधी मागितला, तर शिबिरांतून माणसे गाडीत भरून नेण्याचा उत्साह आपोआप ओसरेल.